पीण्यातला हिमालय

मिरजेहून गाडीत बसलो तेव्हा मी नुसता सडपातळ होतो. बंगलोरला उतरलो तो भुकेनं पारदर्शक होऊन. स्टेशनाबाहेर इडली मागवली. इतकी हलकी, की पहिली खाताना दुसरी पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून हातानं धरून ठेवावी लागली.

मी भूगोलाचा मास्तर. शाळेच्या नव्या दालनासाठी भारताचा उठावाचा नकाशा तिथल्या पीण्या नावाच्या कारखानेवस्तीत तयार झाला होता. तो घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परतायचं होतं. रिक्षावाल्यानं "सरी, सरी" (ठीक, ठीक) म्हणत इतकं फिरवलं, की उतरेपर्यंत माझी दाढी वाढली.

लेथच्या खडखडाटात, एका पत्र्याच्या शेडमध्ये नकाशे घडवणाऱ्या अक्का भेटल्या. घराणं मराठी, पण तीनशे वर्षांपासून इथलं. मराठीला कानडी फोडणी.

"या मास्तर. स्वल्प (जरा) जपून, ओलं आहे!"

तोवर माझा उजवा बूट कुठल्याशा दुसऱ्या नकाशाच्या बंगालच्या उपसागरात बुडाला होता.

आमचा नकाशा सुरेख होता. हिमालय तर अंगावर येत होता.

"खऱ्या मापानं केला तर पापड होतो मास्तर," अक्का म्हणाल्या. "उंची दहापट वाढवावी लागते. तेव्हा कुठं डोंगर दिसतो."

मी वाकून नमस्कार केला. बोलण्यात हेच धोरण ठेवून मी आजवर लोकांची बोलणी खात आलो होतो.

हिमालयावरून हात फिरवत गेलो. अगदी उत्तरेला, सियाचेनपाशी, तळवा खाली गेला.

"अक्का, इथली शिखरं बसली की हो!"

"मीच बसवली. तिथं माझा धाकटा आहे, फौजेत. लिहितो, अम्मा, इथं श्वाससुद्धा मोजून घ्यावा लागतो. त्याच्या वाटेला आणखी दहापट चढ कसा घालू?"

मग त्यांनीच विचारलं, "ही जागा भांडणात आलीच कशी?"

"फाळणीपाठोपाठच्या पहिल्या लढाईनंतर दोन्हीकडचे अधिकारी रेघ आखत बर्फापर्यंत आले. पुढं कोण जातंय, म्हणून एका बिंदूशी थांबले आणि लिहिलं, इथून उत्तरेला, हिमनद्यांकडं. आपण म्हणतो, रेघ कड्याकड्यानं वर जाते. शेजारी म्हणतात, उजवीकडं कलते. मधल्या बर्फात दोघांचीही पोरं."

"म्हणजे कंटाळा केला! मी काम असं अर्धं सोडलं असतं तर घेतलं असतंत?"

"नसतं घेतलं, अक्का."

"मग माझंही चुकलंच. शाळेतली पोरं चुकीचं शिकतील. वाढवून देते."

त्यांनी गिलावा कालवला, थापी भरली, सियाचेनवर नेली. हात तिथंच थांबला. थापीवरचा गिलावा ठिबकत राहिला.

"राहू द्या," मी म्हणालो. "गाडी चुकेल."

गाडीला चार तास होते.

रात्रभर काश्मीर मांडीवर घेऊन बसलो. पोलाद हलकं म्हणावं असं त्याचं वजन. मिरजेला दोन्ही पाय मी हमालाकडून उचलून घेतले.

शाळेत मुख्याध्यापकांनी नकाशाला चष्मा टेकवला. "एवढेच डोंगर बुटके का?"

"बाकीचे दहापट वाढवलेत सर. तेवढेच खऱ्या मापाचे."

माझ्या जन्मातलं एकमेव न फुगवलेलं वाक्य. नेमका त्यावरच त्यांचा विश्वास बसला नाही. पण उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं, नकाशा भिंतीवर चढला.

शिकवताना त्या टोकाला आलो की मी पोरांना उंच्या पाठ करायला लावत नाही. रेघ कुठं थांबली ते दाखवतो, आणि तिच्या पुढं कोण उभं आहे ते सांगतो.