मानलेला भाऊ

कोणी कौतुकानं 'हा माझा मानलेला भाऊ' म्हणालं की माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, म्हातारी खवट आहे. आहेच. पण ही म्हातारीही एकदा मानलेल्या भावाच्या पाटाभोवती रांगोळी काढून बसली होती.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. सेलूकडच्या आमच्या गावात पोळ्याच्या सुमारास एक परदेशी विद्यार्थी आला. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा विद्यापीठात तो मोठ्या पदवीचा अभ्यास करत होता. त्याला आमची बोली शिकायची होती आणि आमची नातीगोती, रीतिरिवाज यांवर लिहायचं होतं. शाळेच्या हेडमास्तरांनी त्याला आमच्याच घरी आणून सोडलं, कारण माझी माय एकदा बोलायला लागली की थांबत नसे. बाबांनी समोरची सपरी, म्हणजे पडवी, त्याला झाडून दिली, एक खाट टाकली, आणि तो आमच्यातला झाला. निदान आम्हाला तसं वाटलं.

येताना तो पुस्तकातलं मराठी घेऊन आला होता. पहिल्या दिवशी म्हणाला, मला क्षुधा लागली आहे. माय पदर तोंडाशी धरून हसली. असं तर कीर्तनकारही जेवायच्या वेळी बोलत नाही, म्हणाली. मग तिनं चुलीपुढे बसवून त्याला बोलायला शिकवलं. दिवाळी येईपर्यंत तो "माय, मले भूक लागून राह्यली" असं आमच्यासारखं हेल काढून म्हणायला लागला. गाव त्याचं बोलणं ऐकायला जमायचं आणि माय अशी मिरवायची, जसं काही तिनंच त्याला जन्म दिला.

मला भाऊ नव्हता. भाऊ नसलेली बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, तशी मीही दरवर्षी अंगणात उभी राहून दुजेच्या कोरीला ओवाळायची. त्या वर्षी मी ताट घेऊन निघाले तर त्यानं विचारलं, कुठे? मायनं सांगितलं, आणि सांगता सांगताच तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं ताट माघारी फिरवायला लावलं. म्हणाली, घरात एवढा मोठा भाऊ असून चांदोबाले कायले त्रास? तो हसत पाटावर बसला. मी ओवाळलं, त्यानं ताटात स्वतःचा फाऊंटन पेन टाकला. मग त्याचा नेहमीचा प्रश्न, आता मी हिचा कोण? माय म्हणाली, मानलेला भाऊ. मानलेला म्हणजे काय, हेही त्यानं विचारलं.

"मानला म्हंजे मानला," माय म्हणाली. "मंग सुटका नाई."

त्यानं ते लिहून घेतलं. शब्द लिहून घेतला, एवढंच.

त्याच हिवाळ्यात माझं लग्न ठरलं. मुलगा तळेगावचा, श्यामजी पंताचं म्हणतात त्या तळेगावचा, घरची शेती. पाहायला आले तेव्हा होणाऱ्या सासूनं चहाचा कप खाली ठेवत खोच काढली. पोरीले भाऊ नाई, तं सणासुदीले न्यायले कोण येईन? तेवढ्यावर सोयरीक मोडायची लक्षणं होती. माय उठली, सपरीतून त्याला हाताला धरून घेऊन आली आणि म्हणाली, हा काय भाऊ. सासू त्याला वरखाली न्याहाळू लागली. तो नमस्कार करून तिच्याशी आमच्या बोलीत बोलला, तशी ती विरघळलीच. सोयरीक पक्की झाली ती त्याच्या भरवशावर. मायनं शब्द दिला होता आणि तो शब्द त्याच्या खांद्यावर होता. हे त्याला समजावून सांगितलं होतं, एकदा नाही, दहादा.

लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट वागव, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, असा त्याचा अर्थ. मायनं त्याच्याकडून बाबांच्या कानावर सराव करून घेतला. बाबा ओरडले, आम्ही लोटपोट हसलो. केळझरच्या गणपतीपुढे पहिली अक्षत ठेवायला गेलो तेव्हाही तो सोबत होता. माझा तर जीव सुपाएवढा झाला होता.

लग्नाच्या दिवशी तो गळ्यात कॅमेरा अडकवून आला. मंगलाष्टकं झाली, भटजींनी पुकारलं, नवरीचा भाऊ या. तो स्टुलावर उभा होता, कॅमेऱ्यात डोळा घालून. भटजींनी पुन्हा पुकारलं. मायनं हातानं बोलावलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. माय मांडवातून वाट काढत त्याच्यापाशी गेली. तिला तो हळूच म्हणाला, पण मांडव चिडीचूप झाला होता, मला सगळं ऐकू आलं.

"माय, मी इथं पाहायले आलो. मी कान पिळला तर तुमची रीत खरी राहत नाही. मी खरा भाऊ नाही ना, मानलेला आहे."

माय तिथेच उभी राहिली. बाबांनी खाली पाहिलं. ते तर सासरे, त्यांनी जावयाचा कान धरणं शक्यच नव्हतं. सासू मोठ्यानं म्हणाली, भाऊ भाऊ म्हणत होते, तो हा? मग वऱ्हाडातलाच एक टवाळ पुढे झाला आणि म्हणाला, थांबा, मी होतो नवरीचा भाऊ. त्यानं नवरदेवाचा कान धरला आणि सगळा मांडव हसला. स्टुलावर कॅमेरा वाजला. मी हळदीच्या अंगानं पाटावर बसून ते हसणं ऐकलं आणि त्या क्षणी मला त्याचा असा राग आला, की आज म्हातारपणीही तो उतरलेला नाही.

सासरी माझं नावच पडलं, 'फोटोवाल्याची बहीण'. भाकर करपली, फोटोवाल्याची बहीण. नवऱ्यानं हात उगारला तरी सासू हसून म्हणायची, कोण येते कान पिळायले? पहिल्या दिवाळीला मला न्यायला मुराळी म्हणून म्हातारे बाबा स्वतः आले, सर्व्हिस मोटरचे धक्के खात. भाऊ कुठे, असं त्यांनाही चारचौघांत विचारून झालं.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी माहेरी होते. आणि तो आला. लग्नानंतर वर्ध्याला राहायला गेला होता, आता मायदेशी परत निघाला होता, दोन-चार शंका विचारायच्या राहिल्या होत्या. त्यानं लग्नाचा फोटो आणला होता. त्यात तो टवाळ कान पिळतोय, सगळे दात काढून हसताहेत, माझी मान खाली. फार छान आला, म्हणाला. मायनं फोटो हातातही घेतला नाही. तिनं त्याला पाणी दिलं आणि ती चुलीकडे तोंड करून बसली.

मी ताट तयार केलं होतं. त्यानं ते पाहिलं आणि रीत माहीत असल्यासारखा जाऊन पाटावर बसला. डोक्यावर रुमालसुद्धा टाकला. मी ताट उचललं, त्याच्या समोरून अंगणात गेले. पश्चिमेला बारीकशी कोर होती. तिला ओवाळलं. तो मागोमाग दारात आला आणि विचारलं, मी इथं असताना चंद्राला काऊन?

"चांदोबा भी मानलेलाच भाऊ आहे," मी म्हटलं. "पण तो दरसाल येते."

त्यानं खिशातून पेन्सिल काढली आणि म्हणाला, "पुन्हा एकदा सांगजो. जरा हळू."