काचेपलीकडचं अळू

कन्हेरीतल्या एका काकूंच्या घराला मी परसबागेच्या बाजूनं काचेची खोली वाढवून दिली. जुनी मोरी आड येत होती, ती पाडून नवं न्हाणीघर बांधलं आणि पाणी पाइपनं गटारात सोडलं. घर बागेला जोडलं म्हणून मी स्वतःवरच खूश!

उन्हाळ्यात गेलो, तर खोलीत लख्ख उजेड आणि काचेपलीकडं केळी, अळू पार वाळलेलं. काचेची धग बाधली, की कीड लागली? मी माती उकरून पाहिली.

"पाणी घालत नव्हता का?" मी जरा तडकूनच विचारलं.

"कधीच घातलं न्हाय," काकू म्हणाल्या. "आमच्या आंघोळीवरच जगत हुतं समदं."