बारीकरावांचा नियम

कारखान्यात अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, सगळे पाठीमागे 'बारीकराव' म्हणायचे. अंगाने ते चांगले आडवे होते. नाव पडलं ते त्यांच्या एका वाक्यावरून: 'अजून बारीक करा.' ते कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, विभागाचे प्रमुख होते. तिथे धातूंच्या ऑक्साइडची पूड दळून तिच्या गोळ्या पाडायच्या. त्या गोळ्यांवरून विषारी वायू सोडला की पलीकडून तो निरुपद्रवी होऊन निघायचा. हे सगळं घडतं पुडीच्या पृष्ठभागावर. म्हणून जितकं बारीक दळाल तितका पृष्ठभाग जास्त, आणि तितकं काम जास्त. अण्णांचा नियम एवढाच, आणि हाताखाली आलेल्या प्रत्येकाकडून त्यांनी तो घोटून घेतला.

घरीही सुटका नव्हती. बटाट्याच्या फोडी मोठ्या झाल्या की आईला पृष्ठभागावर व्याख्यान. ती सुरी त्यांच्याच हातात देऊन मोकळी व्हायची. मी वैतागून कापडाच्या दुकानात नोकरी धरली. ताईने मात्र ते वेड उचललं आणि कॅटॅलिस्टवरच संशोधन करायला लागली. अण्णा निवृत्त झाले तसे संध्याकाळी तिची वाट बघत बसायचे. ती चपला काढायच्या आत विचारायचे, "आज काय?"

एकदा ती आली ती जिन्यातच उभी राहिली. मी दार उघडलं तर म्हणाली, "अण्णांना सांगायचंय, पण धीर होत नाहीये."

तिने सिरियम नावाच्या धातूचं ऑक्साइड दोन प्रकारे बनवलं होतं. एक बारीक दाण्यांचं, दुसरं काड्यांसारख्या लांबट कणांचं. पृष्ठभाग काड्यांचा थोडा कमीच भरत होता, तरी वायू दुप्पट साफ होत होता. मला समजावं म्हणून ती म्हणाली, "भिंत तेवढीच असते रे, पण एकीला दारं असतात आणि दुसरीला नसतात. काड्यांच्या बाजूंवरचा ऑक्सिजन सैल असतो, चटकन सुटतो आणि वायूला मिळून त्याला साफ करतो."

अण्णांना तिने हेच सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"दाणे नीट दळले नसतील."

"मोजलंय, अण्णा."

ते अर्ध्या ताटावरून उठले. मला त्यांची फार दया आली. उभ्या आयुष्यात त्या एका नियमाखेरीज त्यांनी कशाचा अभिमान धरला नव्हता.

सकाळी मात्र ते चहाच्या आधीच ताईसमोर येऊन बसले. "काड्या बनवताना कॉस्टिक सोडा घालतेस ना? तो पुरता धुतला गेलाय का? तुझं काम तो सोडा करत असेल, आकार नाही."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. धुतलं होतं, पण किती निघाला ते तपासलं नव्हतं आणि ती यावरचा लेख छापायला पाठवायच्या बेतात होती. मी चिडलो. "अण्णा, तुम्हाला हार मानायची नाही म्हणून हे सगळं."

"तू गप्प बस," ताई म्हणाली. तिने लेख थांबवला.

पुढचे काही दिवस घर अवघडून गेलं. दोघंही बरोबर निघावीत असं मला वाटायचं, आणि ते शक्य नव्हतं. अण्णा गॅलरीत बसून रस्त्याकडे बघत राहायचे. ती आली तरी 'आज काय?' विचारत नव्हते.

शेवटी तिनेच सांगितलं. सोडा पुरता धुतल्यावर काड्या आधीपेक्षाही जास्त काम करत होत्या. सोडा काम करत नव्हता, उलट ती दारंच अडवून बसला होता. हे सांगताना ताईने मान वर केली नाही.

"म्हणजे मी इतक्या लोकांना चुकीचं शिकवलं," अण्णा म्हणाले.

"अर्धंच शिकवलंत."

अण्णांनी विचारलं, "धुतल्यावर काम कमी झालं असतं, तर काय केलं असतंस?"

"लेख फाडून टाकला असता."

"नक्की?"

"तुम्ही लहानपणापासून काय सांगत आलात, अण्णा? मोजल्याशिवाय बोलू नकोस."

"मग माझं अगदीच वाया नाही गेलं," ते म्हणाले. ताई त्यांचे गुडघे धरून रडली. त्यांनी तिला रडू दिलं. मग चष्मा पुसून लावला आणि म्हणाले, "दाखव तुझ्या काड्या. पहिल्यापासून सांग, मला यातलं काही येत नाही असं समजून."