विचारल्याशिवाय

बंगळूरला मारतहळ्ळीत आमच्या मागच्या घरातून बसच्या रस्त्याला यायची जवळची वाट आमच्या बागेतून होती. मागच्या फाटकातून शिरायचं आणि चिकूखालून, विहिरीशेजारून पुढच्या फाटकाने बाहेर पडायचं. मागची माणसं कित्येक वर्षं तशीच जात-येत होती आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. तिथल्या अक्का जाता जाता आमच्या व्हरांड्यात टेकायच्या. निम्मं कानडी, निम्मं मराठी असं आईचं आणि त्यांचं तास-तासभर चालायचं.

नव्वदनंतर तिकडे जमिनीला भाव आला आणि जो तो कंपाउंड घालू लागला. बाबांनाही भिंत हवीशी झाली. अक्कांच्या यजमानांनी दावा लावला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. दोन्ही घरांत शहाणं कुणी नव्हतं. त्यांच्या वकिलाने त्यांना बजावलं, वाट तुमच्या हक्काची, विचारून जायचं नाही; एकदा परवानगी मागितलीत की हक्क गेला. आमच्या वकिलाने बाबांना तेच उलटीकडून सांगितलं. त्यांनी एकदा तरी विचारायला हवं, आणि ऐकायला साक्षीदार हवा.

मग वर्षानुवर्षं तो मूर्खपणा चालला. चिकपेटेतलं कापडाचं दुकान काकांवर सोपवून बाबा सकाळ-संध्याकाळ व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे. यजमान त्यांच्याकडे न बघता बागेतून जायचे. न जाणो, तोंडातून नुसतं 'जाऊ का' निसटायचं. अक्कांनाही ताकीद होती. त्या मान खाली घालून चालायच्या आणि आई आत निघून जायची. कॉफीला बोलावलं असतं तर आमचा वकील लगेच म्हणाला असता, बघा, पाहुण्या म्हणून येतात. अक्कांवर बालंट नको म्हणून आईने त्यांना हाक मारणंच सोडलं. तारखांवर तारखा पडत राहिल्या. आधी मला सगळ्यांचा राग यायचा, पुढे पुढे त्या रागाचाही वीट आला.

मग आईला कॅन्सर निघाला. उपाय संपल्यावर आम्ही तिला घरी आणलं. एका सकाळी अक्का मागच्या फाटकाशी आल्या आणि तिथेच थांबल्या. बाबा खुर्चीत होते, मी दारात होते.

"अण्णा, स्वल्प आत येऊ का?"

बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"आज रस्त्याला नाही जायचं," अक्का म्हणाल्या. "तिला बघायला आलेय. विचारल्याशिवाय कसं यायचं?"

बाबा उठले, स्वतः चालत फाटकापर्यंत गेले आणि म्हणाले, "या." अक्का दुपारपर्यंत आईचे पाय चेपत बसल्या. दोघी फारसं बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांचं काय काय बोलणार होत्या? थोड्याच दिवसांत आई गेली.

दावा मात्र चालूच होता. साक्षीच्या दिवशी आमच्या वकिलाने बाबांना विचारलं, "या वाटेने जाण्यासाठी त्यांच्या घरातल्या कुणी कधी तुमची परवानगी मागितली होती का?" अक्कांचे यजमान समोरच्या बाकावर खाली बघत बसले होते. बायकोने त्यांना सांगितलं होतं की नाही, कोण जाणे.

"नाही," बाबा म्हणाले. "कुणीही, कधीही विचारलं नाही."

माझी पाळी आल्यावर मीही तेच सांगितलं.