सुशीलाचा सभात्याग

"बैठी रहती तो कुर्सी काट लेती क्या?" वरच्या मजल्यावर सुशीलाचा नवरा ओरडत होता.

"सगळे उठले, मी एकटी कशी बसू?" तीही तेवढ्याच आवाजात.

मुलाच्या बदलीमागे मी चंदीगडला आले, तेव्हापासून आम्ही मनीमाजऱ्यात तिच्या खाली राहतो. मी मेथी निवडत होते, कान झाकायला हात मोकळे नव्हते.

सुशीला तेव्हा हरियाणाची आमदार, विरोधी पक्षाची. तिचं गाव कालव्याच्या पार शेवटाला. वरची गावं मोटारी लावून पाणी ओढतात, खाली नुसता चिखल. ते पाणी आणते म्हणून ती निवडून आलेली. विधानसभेत प्रश्न विचारायला चिठ्ठ्या काढून नंबर लावतात म्हणे. चार वर्षांनी तिचा लागला. त्याच सकाळी यांच्या पक्षाच्या पुढाऱ्याला कुणी काही बोललं, तो तरातरा बाहेर गेला. सभात्याग म्हणतात त्याला. पुढारी उठला की सगळ्यांनी उठायचं, तशी हीही उठली. आत हिचं नाव पुकारलं, जागेवर कुणी नाही, प्रश्न बुडाला. आणि बाहेर ही मंडळी ब्रेड पकोडे खात होती! शी!

निवडणुकीआधी तोच पुढारी मुकाट पलीकडच्या पक्षात गेला. आता मंत्री आहे. टीव्हीवर दिसला की मला जेवण जात नाही. सुशीलालाही बोलावणं होतं. ती म्हणाली, "मौसी, काल ज्यांना शिव्या दिल्या, त्यांच्या गळ्यात आज हार कुठल्या तोंडाने घालू?" राहिली, आणि पडली. पाणी आलं नाही म्हणून गावानंही तिलाच दोषी धरलं. तो मंत्री तिथे गेला तर त्याला फेटा बांधला मेल्यांनी.

तरी दर सोमवारी गावचे दोन-चार म्हातारे घेऊन ती कालव्याच्या साहेबाकडे जायची.

"अगं, आता कोण विचारतं तुला?" मी म्हणायची.

"विचारत नाहीत, पण चहा देतात, मौसी."

ती देवाघरी गेली तो दिवसही सोमवारच. सकाळपासून छातीत दुखत होतं. डॉक्टरकडे जा म्हटलं, तर म्हणे साहेब आजच भेटतो. म्हाताऱ्यांसाठी पराठे बांधले, डोक्यावर ओढणी घेतली, रिक्षावाल्याशी भांडली. साहेब मीटिंगमध्ये होता. संध्याकाळपर्यंत बाकावर बसली, तेव्हा तो बाहेर आला आणि "देखते हैं जी" म्हणाला. हिनं म्हाताऱ्यांना बसमध्ये बसवलं, माझ्या दाराशी कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि कठडा धरत जिना चढून वर गेली.