वालापलीकडचा पोकलेन

मुरबाडहून माळशेजकडे जाताना टोकावड्याच्या जरा अलीकडे रस्त्याच्या कडेला एक पांढरा दगड आहे. त्या दगडापाशी एसटी थांबते. तिथला थांबा कुणी मंजूर केला हे डेपोतल्या कुणालाच सांगता येणार नाही, कारण तो सकुबाईने मंजूर केलेला आहे. एका दिवाळीत घराला काढलेला चुना उरला, तो तिने दगडाला फासला आणि वाडीतल्या बायकांना रोज सकाळी बोचकी देऊन तिथे उभं केलं. बोचक्यांत पेंढा होता. चालकाला वाटलं, नवा थांबा झाला. आठवड्याभरात तो न सांगता थांबायला लागला.

"मी कुटं काय बोलली?" सकुबाई अजून विचारते. "मी दगड रंगवला. थांबला तो."

हीच तिची आयुष्यभराची रीत. तोंडाने खोटं म्हणून बोलायचं नाही. समोरच्याला काय समजायचं ते समजू द्यायचं, आणि तो समजून घेत असताना आपण पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघायचं.

तिचा नवरा धाकलू याच्या अगदी उलट. बैल विकायला काढला की गिऱ्हाईक काही विचारायच्या आत हा सांगून मोकळा, की बाबा, डावा मागचा पाय उतरणीला लचकतो. अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे सकुबाईला चेवच यायचा. दोघांचं चांगलं चाललं होतं. ती खोड्या काढायची आणि तो हसायचा, इतका की डोळ्यांतून पाणी यायचं.

मग यंदाच्या भातलावणीत धाकलू बांधावरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. कल्याणला ऑपरेशन झालं. वाशिंदला दिलेल्या लेकीने, पूजाने, चाकाची खुर्ची पाठवली. पण घर उंचावर आणि शेत मागे खाली. मधे दगड ठोकून बसवलेल्या उभ्या पायऱ्या. खुर्ची ओटीवरून परसदारापर्यंत जायची आणि तिथेच तिचं जग संपायचं. खाटेशेजारच्या खिडकीतून शेत दिसत होतं, ती खिडकी धाकलूने बंद करायला लावली. "नको गो. बघितलं की जीव जातो," एवढंच बोलला. तेव्हापासून तो हसला नव्हता. आणि ज्या घरात हसणारं कुणी नाही तिथे खोड्या काढून करायचं काय? सकुबाईला खरोखर भीती वाटायला लागली होती की हा माणूस असाच बसल्याबसल्या विझून जाईल.

भात कापून झालं आणि पुतण्या शेखर मोबाइल घेऊन ओटीवर आला. शेखर वाशिंदच्या कारखान्यात सुपरवायझर. सकुबाईच्या शेतापलीकडे त्याचा वाटणीचा चढउताराचा तुकडा होता. तो सपाट करून तिथे तंबू लावायचे आणि शनिवार-रविवार मुंबईची माणसं आणून झोपवायची, असा त्याचा बेत होता. आता कुठलं मशीन आणायचं ते ठरवायचं होतं.

"दाखव," सकुबाई म्हणाली. मुलगी बघायला आल्यासारखी ती पदर सावरून बसली. चहासुद्धा ठेवला.

पहिला जेसीबी. तो शेखरनेच बाद केला, कारण शेतात अजून ओल होती आणि रबरी चाकं रुतली असती. दुसरा मोठा पोकलेन, लोखंडी पट्ट्यांवर चालणारा, हात वर केला की नारळाच्या शेंड्याला लागेल असा. तिसरा छोटा पोकलेन. त्याच्या छपराखाली एक माणूस गुडघे दुमडून बसला होता.

सकुबाईचा जीव तिसऱ्यावर बसला. "हा आण. आपल्या नि शेजारच्या कमळूच्या गोठ्यामधल्या बोळातून सरळ मागे उतरेल. तुझं काम दोन दिस जास्त घेईल, पन होईल. आनि जाताजाता माझ्या परसात एक उतार काढून देईल. काकाची खुर्ची शेतावर जाईल रे."

"काकी, हा खेळण्यातला हाय," शेखर हसला. "मुरबाडची पोरं व्हिडीओ बघणार. लोक बोलतील, शेखरने पाळणा आणला."

"मग उताराचं?"

"मोठा काय बोळात शिरनार नाय. बघू, पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी! सकुबाईने चहाचा कप त्याच्या हातातून घेतला. त्यात अजून दोन घोट होते.

मोठा पोकलेन आला तेव्हा मागे जायला एकच वाट होती, सकुबाईचं कापलेलं शेत. एका अंगाला ओहोळ, एका अंगाला जंगलखात्याचं कुंपण, तिसरीकडे कमळूने काठीने भोकं पाडून वाल टोकलेले. शेखर विचारायला आला. ती म्हणाली, "ने की. मोकळंच हाय." पोकलेन शेत ओलांडून गेला. शेखरने व्हिडीओ काढले. दोन दिवसांत त्याचा तुकडा ताटासारखा सपाट झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मशीनचा मालक भगीरथ ते न्यायला आला, कारण खर्डीला दुसरं काम थांबलं होतं. बघतो तर सकुबाई शेतात. लुगडं खोचून कमरेला ओटी केलेली, हातात टोकदार काठी. काठीने भोक, त्यात चिमूट, टाचेने माती. पुन्हा भोक, चिमूट, टाच. पोकलेनचे पट्टे जिथून गेले होते तिथे तिने आडवं या बांधापासून त्या बांधापर्यंत टोकून काढलं होतं. मधोमध बुजगावणं, त्याच्या अंगात शेखरचाच जुना टी-शर्ट, जो त्याने काकीला लादी पुसायला दिला होता.

भगीरथने कपाळाला हात लावला. तो पलीकडच्याच गावचा. टोकलेल्या रानात माणूस चप्पल घालून उतरत नाही, तिथे पोकलेन घालायचा? उद्या त्याला कुणी आपल्या बांधावर उभं केलं नसतं.

शेखर धावत आला. "काकी! वाल टोकलेस?"

"डोळे नायत का तुला?"

"अगं पन मशीन आत हाय!"

"ते मोठं हाय बाबा. मी कुटं उचलू?"

"मग आता?"

"वालाला शेंगा भरल्या की ने. पोपटी लावू, मडक्यात शेंगा भाजू, तुझ्या मुंबईच्या मानसांना बोलव." आणि ती बुजगावण्याची बाही नीट करायला लागली.

शेखर काही बुद्दू नव्हता. त्याला काकी ठाऊक होती, पांढरा दगडही ठाऊक होता. तो सरळ घरात धाकलूकडे गेला. सकुबाई बाही सोडून घराकडे बघायला लागली. धाकलूला तिने काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने सगळ्या वाडीला सांगितलं असतं. आता तो म्हणणार, मला काय माहीत, खिडकी बंद असते. मग शेखर येऊन एक भोक उकरून बघणार, आणि उतार गेला पुढच्या वर्षी.

शेखर बाहेर आला तेव्हा त्याचे खांदे पडले होते. भोक उकरणं राहिलं बाजूला, तो शेताकडे फिरकलासुद्धा नाही. बांधावरूनच म्हणाला, "छोटा मागवतंय. तुझा उतार काढून देतंय. मग तरी एका अंगाने वाट देशील?"

"बघू," सकुबाई म्हणाली. "पुढच्या वर्षी नाय, उतार झाला की."

छोटा पोकलेन बोळातून आला तेव्हा कमळूचा गोठा आणि सकुबाईची भिंत यांच्यामधे दोन्हीकडे वीत वीत जागा उरली. तिने त्याच्या फावड्याला हळदकुंकू लावलं. संध्याकाळपर्यंत उभ्या पायऱ्या गेल्या आणि तिथे लांब, निवांत उतार झाला. शेखरने स्वतः खुर्ची धरली. धाकलू परसदारातून निघाला तो दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे पकडून, आणि बांधावर पोचला तेव्हा त्याने हात सोडले. वाकून जमिनीवरची माती घेतली, बोटांत चुरली, हुंगली.

"काकी," शेखर शेवटी म्हणाला, "आता सांग, कुठल्या अंगाने नेऊ?"

"मधूनच ने. मोकळंच हाय."

"आनि वाल?"

"कुठले वाल रे? मी कवा बोलली वाल टोकले?"

शेखर खाली बसला, एक भोक उकरलं. नुसती माती. दुसरं उकरलं. मग तो काकीकडे न बघता काकाकडे वळला. "काका, तुमी बोललात मला! बोललात, मी सोता बघितलंय, सकाळधरनं टोकतेय, ओटी भरून वाल हायत. तुमचा शब्द म्हनून मी गप बसलो!"

सकुबाईच्या हातातली काठी पडली. "तुमी असं बोललात? पन खिडकी तं बंद होती."

"त्या सकाळी तुझी काठी वाजली," धाकलू म्हणाला. "बोललो, ही आता कुनाला फसवतेय बघू तरी. म्हनून उघडली."

"मग बघितलं काय?"

"ओटी सपाट. सकाळी पन नि दुपारी पन. चिमटीत वाराच होता." त्याच्या गालाची एक बाजू हलली. "आनि हा येऊन इचारतोय. मी काय बोलनार? तू जसं टोकलंस तसंच मी बघितलं."

आणि तो हसला. खुर्ची हलेपर्यंत, खुबा दुखेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेखर आधी रागावून बघत राहिला, मग बुजगावण्याच्या अंगातला आपला टी-शर्ट बघून तोही हसायला लागला. सकुबाई हसली नाही. तिने पदर तोंडाला लावला होता, पण यावेळी ती रडत होती.

पोकलेन गेल्यावर धाकलूने काठी उचलून मागितली. "जा, आता खरे वाल आन," तो म्हणाला. "ओल जाईल."

ती उतार चढून घरात गेली. वालाचं मडकं काढताना तिला खिडकी उघडीच दिसली, आणि खिडकीतून खाली बांधावर धाकलू दिसला. खुर्चीतून वाकून तो जवळची भोकं पाडायला लागला होता.