मुकादमच्या घरची पाहुणी

इस्पितळाच्या धुलाईघरात तिला सगळे मुकादम म्हणत. उंची बेताची, आवाज बेताचा. दंड मात्र ओल्या चादरी उचलून उचलून सुतारासारखे झालेले. वॉर्डातून आलेली मळकी चादर धुवायची, पिळायची, गरम रुळाखालून काढायची आणि घडी घालून परत पाठवायची, एवढंच ते काम. पण घडीचा काठ काठाला लागला पाहिजे. नाही लागला तर ती ओरडत नसे. घडी उलगडून चादर परत हातात देई. त्यापेक्षा बोलणी खाल्लेली परवडली, असं लोक म्हणत.

तिथे एक रीत होती. नवा माणूस आला की पहिले काही दिवस त्याने भिंतीशी उभं राहायचं, हात मागे बांधून. नुसतं बघायचं. गरम रूळ कुणाची भीड ठेवत नाही. उतावळ्या हातांची त्याने काय गत केली, हे मुकादमने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण रीतीत आणखी एक गोम होती. जो लवकरच पळणार असं दिसे, त्याला ती आल्या आल्या गाठोडी वाहायला लावी. ज्याला टिकवायचं असेल, त्यालाच उभं करी. भिंतीशी उभं राहणं हा तिथला मान होता.

हाच मान तिने घरी आलेल्या परदेशी मुलीला दिला आणि सगळा घोळ झाला.

त्याचं असं झालं. मुकादमची लेक अकरावीत. तिच्या शाळेत दुसऱ्या देशातल्या एका शाळेशी अदलाबदलीची योजना आली. मुलांना पुढारपण शिकवायचं, पण नुसतं वर्गात बसवून नाही. तिकडच्या मुलीने इकडच्या मुलीच्या घरी राहायचं, तिच्याबरोबर शाळेत जायचं, गटाचं काम अंगावर घ्यायचं, चार लोकांसमोर बोलायचं. मग इकडच्या मुलीने तिकडे जाऊन तेच करायचं. दोघींची जोडी. एकीने मध्येच सोडलं तर दुसरीचं जाणंही रद्द.

लेकीचं नाव लागलं तेव्हा तिने घाबरत घाबरत आईला सांगितलं. मुकादम चुलीपाशी उभी होती, वळली नाही.

"पुढारपण शिकवतात म्हणजे नक्की काय शिकवतात?"

"जबाबदारी घ्यायची. दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं. कुणी ऐकत नसेल तर चिडायचं नाही."

"हे शिकवतात?" मुकादम वळली. "अगं, आम्ही हे ठेचा खात शिकलो. निम्मं तर अजून यायचंय. कुणी शिकवत असेल तर सोडू नकोस. जा."

नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर होता. त्याने फोनवर एवढंच विचारलं, "पोरगी झोपणार कुठे?" मुकादमने आपली खाट पाहुणीला दिली, स्वतः जमिनीवर अंथरूण घातलं. खाटेवरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती.

पाहुणी आली. लांब हातापायांची, हसरी, आपली भाषा शिकून आलेली. पण पुस्तकातून शिकलेली. "आपल्या घरी येऊन मला अत्यंत आनंद झाला आहे," असं दारातच म्हणाली तेव्हा लेक तोंडावर हात दाबून आत पळाली. शाळेत ती चांगलीच रुळली. गटातल्या सगळ्यात गप्प मुलाला तिने व्यासपीठावर बोलतं केलं, असं लेक कौतुकाने सांगे.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. पाहुणीने ताट उचललं की मुकादम ते हातातून घेई. केरसुणी घेतली की केरसुणी घेई. "तू बस. बघ नुसती." कांदा चिरायला सुरी धरली तर मुकादमने अलगद सुरी काढून घेतली आणि तिला भिंतीकडच्या खुर्चीवर बसवलं. मुकादमच्या मनात माया होती. पोरगी चांगली आहे, टिकाऊ आहे, आधी बघू दे, मग हात चालवू दे. पोरीला काय कळणार? तिला एवढंच कळलं, की घरात लेकीला काम आहे, आईला काम आहे, आपल्याला खुर्ची आहे.

हळूहळू ती हसेनाशी झाली. शाळेतून आली की खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडे. मुकादमला वाटलं, दमली असेल. तिने मुलीच्या हातातला पाण्याचा पेलासुद्धा धुवायला घेतला.

मग एके दिवशी योजनेचे संयोजक घरी आले. सरळ माणूस. आडपडदा न ठेवता बोलले.

"बाई, पाहुणीला परत जायचंय. ती म्हणते, या घरात मी नको आहे. उद्या संध्याकाळी मी तिला न्यायला येतो. तोवर तिचा विचार बदलला तर चांगलंच, पण जबरदस्ती करायची नाही."

"नको आहे?" मुकादमने ओले हात पदराला पुसले. "मी तिला काडी उचलू दिली नाही, साहेब."

"तेच म्हणते ती."

ते गेल्यावर लेक स्वयंपाकघरात आईच्या मागे उभी राहिली. आवाज दाबून रडत होती.

"आई, ती गेली तर माझं पण गेलं. तू सांग ना तिला. तिला माहीत नसेल, जोडी तुटली तर काय होतं ते."

"नाही सांगायचं."

"का?"

"तिचा निर्णय आहे, त्यावर तुझं गाठोडं ठेवायचं नाही. तूही सांगायचं नाहीस. शपथ घालत नाही तुला, नुसती गप्प राहा."

"तुझं काय जातंय! जायचं मला होतं."

मुकादमला ते लागलं. पण ती भांडी घासत राहिली. लेकही चुकीचं बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मुकादम पाहुणीला म्हणाली, "चल बाळ, जाण्याआधी मी काम करते ती जागा तरी बघ." लेकही निघाली, मुकाट्याने.

धुलाईघरात वाफ, साबणाचा वास आणि यंत्रांची घरघर. पाहुणी दाराशी थबकली. भिंतीशी एक नवी बाई हात मागे बांधून उभी होती. पाहुणी इस्त्रीवाल्या मामांजवळ गेली. तिथले सगळ्यात जुने आणि सगळ्यात बडबडे तेच.

"या बाईंनी कोणता अपराध केला आहे?"

मामांनी इस्त्री उभी केली. "अपराध? ऐका गं, काय गोड बोलते पोरगी! अगं बाळा, तिला मुकादमने पसंत केलंय. मला उभं केलं होतं ना, तेव्हा घरी जाऊन बायकोला सांगितलं, नोकरी पक्की! तो बघ, तो गाठोडी वाहतोय, त्याचं काही खरं नाही."

गाठोडीवाला लांबून ओरडला, "मामा, ऐकू येतंय हं!"

"ऐकू यावं म्हणूनच बोलतोय!"

सगळे हसले. पाहुणी हसली नाही. ती त्या भिंतीकडे बघत राहिली, मग मुकादमकडे.

मुकादमने रीत समजावली नाही, सारवासारव केली नाही. जवळ आली आणि म्हणाली, "इथे गरम रूळ आहे. घरात कुठे रूळ आहे? मी घरातच धुलाईघर केलं. चुकलं माझं."

मामांनी मान खाली घालून इस्त्री पुन्हा धरली. मुकादमच्या तोंडून हे कुणी आधी ऐकलं नव्हतं.

मग तिने गार झालेल्या चादरींतली एक उचलली आणि दोन टोकं पाहुणीच्या हातात दिली. "तू धर. मी चालत येते." चादरीच्या घडीत एकाने जागेवर ताणून धरायचं असतं, दुसऱ्याने चालत येऊन टोकं जुळवायची असतात. नवा माणूस धरतो, जुना चालतो. मुकादम चालत आली, टोकं जुळली, पण खालचा काठ सुटला होता. मुकादमने क्षणभर पोरीकडे पाहिलं. आज तरी चालवून घेईल, असं मामांना वाटलं. तिने घडी उलगडली आणि टोकं परत पोरीच्या हातात दिली.

पोरगी हसली. आल्या दिवशी हसली होती तशी.

दुपारपर्यंत त्या घड्या घालत राहिल्या. पोरीचे खांदे भरून आले, तिने सांगितलं नाही. मुकादमला दिसत होतं, तिने थांबवलं नाही. शेवटी शेवटी मुकादम धरत होती आणि पोरगी चालत होती.

तरी संध्याकाळी पोरीची बॅग भरलेली दाराशी होती. संयोजक आले. त्यांनी तिला समोर बसवलं. "काय ठरलं?" ती बॅगेचा पट्टा चाचपू लागली. तेव्हा ते म्हणाले, "नियम म्हणून सांगतो. तू गेलीस तर हिची जागाही जाईल. त्याचं दडपण घेऊ नकोस."

पोरीने आधी लेकीकडे पाहिलं, मग मुकादमकडे.

"आपल्याला हे ठाऊक होते?"

"होतं."

"मग मला का सांगितले नाही?"

"सांगितलं असतं तर तू हिच्यासाठी राहिली असतीस. ते राहणं नाही बाळ, ते अडकणं. तुला जायचं असेल तर जा. रुसवा नाही आमचा."

लेकीने डोळे मिटून घेतले, पण शब्दही बोलली नाही. त्या दिवशी ती आईची खरी लेक शोभली.

पाहुणी उठली, बॅग उचलली आणि आत गेली. आतून खाटेखाली बॅग सरकवल्याचा आवाज आला. मग फळीवरून ताटं काढल्याचा.

पुढे लेक तिकडे गेली, ते सगळं रीतसर झालं. पण मुकादमची आठवण काढायची तर ती संध्याकाळच सांगावी. पोरीने जेवणाची ताटं मांडली ती वाकडी. एक भिंतीला टेकलेलं, एक वाटेत. संयोजकांसाठीही एक मांडलं. मुकादम सवयीने उठली, ताटाकडे हात गेला. तो तिने मागे घेतला. मग दुसराही मागे नेला, दोन्ही बांधले आणि भिंतीशी जाऊन बघत उभी राहिली.